चौकोनात चौकोन : एक चिनी अक्षर शिकताना

चिनी अक्षर दिसलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘याचा अर्थ काय?’ मराठीतला ‘क’ किंवा उर्दूतला ‘काफ’ पाहून असं कुणी विचारत नाही. ती अक्षरं आहेत, त्यांना उच्चार आहे, एवढं आपल्याला पुरतं. चिनी अक्षर मात्र आपल्याला चित्र वाटतं, आणि चित्र म्हटलं की त्यामागे काहीतरी गोष्ट दडलेली असणार, असं आपण धरून चालतो.

यातून काय होतं त्याचं एक नामांकित उदाहरण आहे. ‘संकट’ या अर्थाच्या चिनी शब्दात दोन अक्षरं असतात, एकाचा अर्थ धोका आणि दुसऱ्याचा अर्थ संधी, असं तुम्ही कुठल्या ना कुठल्या भाषणात ऐकलं असेल. जॉन केनेडींनी १९५९ मध्ये भाषणात वापरलं आणि तेव्हापासून ते जगभर फिरतंय. आपल्याकडे व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात अजूनही टाळ्या घेतं. वस्तुस्थिती एवढीच, की त्यातलं दुसरं अक्षर एकट्याने ‘संधी’ हा अर्थ देत नाही. ‘जिथे गोष्टी वळण घेतात तो क्षण’ असा त्याचा इथला अर्थ आहे. म्हणजे वळण वाईटही असू शकतं. ज्यांना ते अक्षर लिहिता येत नाही त्यांनीच ही गोष्ट सर्वांत जास्त सांगितली.

माझं म्हणणं साधं आहे. चिनी अक्षर बघून कळत नाही. ते लिहावं लागतं, आणि ते कुणाकुणाच्या सोबतीने राहतं हे पाहावं लागतं. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं : अक्षराचं मूळ सापडलं म्हणजे त्याचा अर्थ सापडला असं होत नाही. गेलं दीडेक वर्ष मी घरीच एक पुस्तक आणि चौकटीची वही घेऊन चिनी अक्षरं गिरवतोय. येतात ती मोजकीच. पण त्यातल्या एकाशी माझी चांगली ओळख झाली आहे आणि आज त्याच्याविषयीच लिहायचं आहे. चीनमधल्या एक कोटीहून अधिक मुसलमानांच्या समाजाचं नाव याच अक्षराने लिहितात. उच्चार साधारण ‘ह्वेइ’. ‘ह’ थोडा घशातून, आणि स्वर खालून वर जाणारा, आपण ‘काय?’ असं चकित होऊन विचारतो तसा.

कागद पेन्सिल घ्या. एक मोठा चौकोन काढा, त्याच्या मधोमध एक छोटा चौकोन. झालं अक्षर. लहान मूलही काढेल. पण ‘काढणं’ आणि ‘लिहिणं’ यांत फरक आहे आणि तो इथेच कळतो. चार अधिक चार अशा आठ बाजू दिसत असल्या तरी हे अक्षर सहा रेघांचं आहे. पहिली रेघ बाहेरच्या चौकोनाची डावी बाजू, वरून खाली. दुसरी रेघ वरच्या डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे जाते आणि पेन न उचलता तिथूनच खाली वळते. वरची आणि उजवी, अशा दोन बाजू मिळून ती एक रेघ. आता मोठ्या चौकोनाची खालची बाजू उघडी आहे. ती तशीच ठेवायची. आत जायचं, छोटा चौकोन याच पद्धतीने काढायचा आणि त्याची खालची बाजूही लगेच पूर्ण करायची. या झाल्या पाच रेघा. सहावी आणि शेवटची रेघ म्हणजे मोठ्या चौकोनाचा तळ. चिनी मुलांना शाळेत हा नियम पाठ करायला लावतात : आधी आतलं, मग तोंड बंद.

कुणी म्हणेल, कुठूनही काढा, शेवटी दिसणार तेच ना? पुस्तकातल्या छपाईत तेच दिसेल. पण भराभर लिहायला लागलात की रेघा एकमेकींत मिसळतात आणि क्रम बरोबर असेल तरच ते अक्षर दुसऱ्याला वाचता येतं. शिवाय शब्दकोशाचा प्रश्न आहे. आपला कोश उच्चाराच्या क्रमाने लावलेला असतो. ज्याचा उच्चारच माहीत नाही असं चिनी अक्षर कुठे शोधणार? १७१६ मध्ये पूर्ण झालेल्या खांगशी कोशात सत्तेचाळीस हजारांहून अधिक अक्षरं आहेत आणि ती २१४ मूळ घटकांखाली, उरलेल्या रेघांच्या संख्येनुसार लावली आहेत. आपलं अक्षर तिथे ‘भोवतालची चौकट’ या घटकाखाली, आणखी तीन रेघा, असं सापडतं. म्हणजे ज्याला वळणाच्या रेघेला एक मोजायचं की दोन हेच माहीत नाही, त्याला हा कोश उघडून उपयोग नाही. लिहिता आल्याशिवाय अर्थ शोधताही येत नाही.

आपल्यापैकी अनेकांचं लहानपण याच्या बरोबर उलट गेलं. शाळेत देवनागरी, आणि संध्याकाळी मशिदीत किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या आपाकडे अरबी कायदा. अलिफ, बे, ते. जबर, जेर, पेश. दोनेक वर्षांत कुराण शरीफ वाचायला लागायचो, तेही खड्या आवाजात, उच्चार सांभाळून. अर्थ मात्र कळायचा नाही. आवाज पुरता आमचा, आशय दुसऱ्या कुणीतरी सांगायचा. चिनी अक्षराचं असं होऊ शकतं की आशय कळला आणि आवाज माहीत नाही. जपानी माणूस हेच अक्षर पाहून ‘काइ’ म्हणतो आणि ‘एक वेळ, दोन वेळा’ असं मोजायला वापरतो. दोघांची बोली वेगळी, पण कागदावर बोट ठेवलं तर थोडंफार समजतं. दोन्ही अनुभव घेतल्यावर मला वाटतं की उच्चार येणं आणि समजणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक झालं की दुसरं आपोआप होतं, या भरवशावर राहू नये.

या अक्षराची चिनी साहित्यातही एक जागा आहे. लू शुन यांची ‘खुंग यीची’ ही १९१९ साली प्रसिद्ध झालेली कथा. परीक्षा नापास झालेला, दारिद्र्याने गांजलेला एक पंडित गावच्या दारूच्या गुत्त्यात येतो. गुत्त्यातल्या पोऱ्याला तो विचारतो, बडीशेपेच्या स्वादाच्या या दाण्यांचं नाव लिहिताना पहिलं अक्षर कसं लिहायचं? पोरगा वैतागून सांगतो, वर गवताची खूण आणि खाली आपलं हे ‘ह्वेइ’. पंडित हरखून जातो. यातलं ‘ह्वेइ’ चार प्रकारे लिहिता येतं, तुला माहीत आहे का, असं विचारतो. पोराला त्यात काडीचा रस नसतो. पुढे चोरीपायी पंडिताचे पाय मोडले जातात आणि एके दिवशी तो दिसेनासा होतो. चार प्रकार येणारा माणूस पोट भरू शकला नाही, आणि त्याच्या विद्येचा त्या पोरालाही उपयोग झाला नाही. लू शुन स्वतः या लिपीत अप्रतिम लिहायचे, तरीही चिनी भाषा रोमन लिपीत लिहावी या मताचे होते, कारण ही लिपी गरिबाला शिकता येत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून अक्षरांच्या कौतुकात वाहून जाताना मी या पंडिताची आठवण ठेवतो. एका अक्षराचे चार प्रकार येणं म्हणजे ते अक्षर समजणं नव्हे.

आता त्या बडीशेपेच्या अक्षराकडे पुन्हा बघा. वर गवत, खाली ‘ह्वेइ’. गवत सांगतं की ही वनस्पती आहे. खालचं ‘ह्वेइ’ फक्त उच्चार सांगतं. त्याच्या अर्थाचा इथे काही संबंध नाही. बहुसंख्य चिनी अक्षरं अशीच बनलेली आहेत : एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा आवाजाची. निव्वळ चित्र असलेली अक्षरं थोडी. चौकटीत माणूस म्हणजे कैदी, चौकटीत झाड म्हणजे अडचण, ही उदाहरणं शिकताना मजा येते. पण याच चालीवर प्रत्येक अक्षराची गोष्ट रचत बसलो की संकटातल्या संधीसारखं होतं.

माझ्या एका मित्राने वहीतलं हे अक्षर पाहिलं आणि तो लगेच म्हणाला, “अरे, हा तर काबा! आत काबा, बाहेर हरमचं अंगण. म्हणूनच मुसलमानांना हे अक्षर दिलं असणार.” ऐकायला किती छान! पण हे अक्षर इस्लामच्या कितीतरी शतकं आधीचं आहे. फार जुन्या लेखांत ते चौकोनी नव्हतंच, पाण्यातल्या भोवऱ्यासारखी आत वळत जाणारी रेघ होती. इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन यांनी रचलेल्या पहिल्या मोठ्या अक्षरकोशातही त्याचा अर्थ ‘वळणं, फिरणं’ असाच दिला आहे. लिहिण्याच्या सोयीने पुढे भोवरा सरळ होत गेला आणि त्याचे दोन चौकोन झाले.

आज या अक्षराचा रोजचा अर्थ ‘परत’. आणि तो कळतो सोबतीच्या अक्षरांतून. ‘ह्वेइ’ आणि ‘घर’ म्हणजे घरी परतणं. ‘ह्वेइ’ आणि ‘पत्र’ म्हणजे पत्राचं उत्तर. ‘ह्वेइ’ आणि ‘आठवणं’ मिळून स्मृती, म्हणजे गेलेल्या गोष्टीकडे मनाने परत जाणं. उत्तर देणं यातही ‘ह्वेइ’ आहे. जुन्या चिनी कादंबऱ्यांतल्या प्रकरणालाही ‘ह्वेइ’ म्हणतात. कथेकरी एका बैठकीत जेवढं सांगे तेवढा एक ‘ह्वेइ’. ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीत असे १०० आहेत. हे सगळे शब्द शेजारी शेजारी लिहिले की एका क्षणी कोशातला अर्थ पाठ करावा लागत नाही. आपल्याला मराठी शब्दांचं आपसातलं नातं कुणी समजावलं होतं? वापरता वापरताच समजलं.

मग ‘परत’ या अर्थाचं अक्षर मुसलमानांच्या नावात कसं आलं? तर, अर्थामुळे आलंच नाही.

परदेशी नाव लिहायचं असेल तर चिनी लिपीत त्या उच्चाराच्या जवळची अक्षरं घेतात आणि त्यांच्या अर्थाकडे काणाडोळा करतात. याचं आपल्या घरचं उदाहरण आहे. सातव्या शतकात, चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळात ह्युएन त्संग महाराष्ट्रात येऊन गेला. मायदेशी परतल्यावर ६४६ मध्ये पूर्ण झालेल्या प्रवासवर्णनात त्याने या प्रदेशाचं नाव चार अक्षरांत लिहिलं, आजच्या चिनी उच्चारात साधारण ‘मोहोलाचा’. पहिल्या अक्षराचा एरवीचा अर्थ घासणं, दुसऱ्याचा दरडावणं. आता यावरून कुणी म्हणालं की महाराष्ट्र म्हणजे घासणाऱ्या आणि दरडावणाऱ्यांचा देश, तर आपण हसू. (काही जण मान डोलावतीलही.) ती अक्षरं फक्त आवाजाची हमाली करत होती.

‘ह्वेइ’चंही तसंच झालं. तांग राजवटीच्या काळात चीनच्या उत्तरेला उइगुर लोकांचं राज्य होतं. त्यांचं नाव चिनी लेखनिकांनी दोन अक्षरांत बसवलं, त्यातलं पहिलं हे. तेव्हा ते लोक मुसलमान नव्हते. पुढे त्यांच्या राजाने तांग दरबाराला विनंती करून दुसरं अक्षर बदलून घेतलं आणि त्या जागी ससाणा या अर्थाचं अक्षर आलं. उच्चार जवळपास तोच, पण नावात शिकारी पक्षी आला. आपलं नाव दुसऱ्याच्या लिपीत कुठल्या अक्षराने लिहिलं जातंय याची त्या लोकांना चांगलीच जाण होती. पुढच्या काही शतकांत पश्चिमेकडून येणाऱ्या लोकांना सरसकट ‘ह्वेइह्वेइ’ म्हणू लागले आणि मंगोल राजवटीत मध्य आशिया आणि इराणमधून आलेल्या मुसलमानांना ते नाव चिकटलं ते कायमचं.

अक्षरावरून माणसाला कमी लेखता येतं हे मला या एका अक्षरामुळे कळलं. चिनी लिपीत कुत्रा किंवा जनावर दाखवणारी तीन रेघांची एक खूण आहे. लांडगा, कोल्हा, सिंह यांच्या अक्षरांत ती डावीकडे असते. सरहद्दीवरच्या अनेक जमातींची नावं शतकानुशतकं या खुणेसकट लिहिली जात होती. छिंग राजवटीत, मुसलमानांच्या उठावांच्या काळात, काही सरकारी लेखनात ‘ह्वेइ’च्या डाव्या बाजूलाही ती खूण लागली. उच्चार तोच. मोठ्याने वाचलं तर ऐकणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. पण कागदावर पाहणाऱ्याला समजतं की लिहिणाऱ्याने या लोकांना कुठल्या रांगेत बसवलंय. दक्षिण चीनमधल्या च्वांग जमातीच्या नावातही ही खूण होती. विसाव्या शतकात ती काढून माणसाची खूण लावली गेली आणि १९६५ मध्ये चौ एन लाय यांच्या सूचनेवरून ते अक्षरच बदलून ‘बलवान’ या अर्थाचं घेतलं. तीन रेघांत जनावर, दोन रेघांत माणूस. हा फरक भाषांतरात दिसत नाही. तो लिहिणाऱ्यालाच दिसतो.

आता या अक्षराच्या गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला भाग. नाव दुसऱ्यांनी दिलेलं, तेही केवळ उच्चारावरून, तेही मुळात दुसऱ्याच लोकांचं. अशा नावाचं काय करायचं? चिनी मुसलमान विद्वानांनी ते टाकलं नाही. त्यांनी ते वाचलं. सतराव्या शतकात वांग ताइयू यांनी चिनी भाषेत इस्लामवर ग्रंथ लिहिला, तो १६४२ मध्ये निघाला. त्यात ‘ह्वेइह्वेइ’ या नावाचा अर्थ त्यांनी परतणं या अंगाने उलगडला. माणूस जिथून आला तिथे त्याला परतायचं आहे, शरीरानेही आणि मनानेही, अशा रोखाचं ते विवेचन आहे. कुणाच्या मृत्यूची बातमी कळली की आपण जे अरबी वाक्य म्हणतो त्यातही परत जाण्याचीच गोष्ट आहे, हे वाचकांना सांगायला नको. पुढे नानजिंगच्या लिउ ची यांनी फारसी आणि अरबी ग्रंथ अभ्यासून, चिनी तत्त्वज्ञानाचीच परिभाषा वापरून इस्लामचं विवेचन केलं. मशिदीला आणि हलाल खाणावळीला जी दोन अक्षरं लावतात, ‘छिंगचन’, त्यांचा शब्दशः अर्थ ‘निर्मळ’ आणि ‘सत्य’. अरबी शब्दाची ती नक्कल नाही. चिनीत विचार करणाऱ्या मुसलमानांचा तो आपला शब्द आहे.

व्युत्पत्ती काटेकोरपणे पाहणारा म्हणेल, वांग ताइयूंचा अर्थ खोटा. नाव उइगुरांवरून आलं, परतण्याशी त्याचा काही संबंध नाही. मुळाबद्दल त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण मग माझा मित्र आणि वांग ताइयू यांच्यात फरक काय? मित्राने चित्र पाहून एक गोष्ट रचली आणि ती मूळ म्हणून सांगितली. वांग ताइयू हे अक्षर रोज लिहिणारे, त्या भाषेत जगणारे. नाव कुठून आलं यापेक्षा ते नाव धारण करून कसं जगावं, हे ते सांगत होते. पिढ्यान् पिढ्या लोकांनी तो अर्थ मनाशी धरला, म्हणजे तो अर्थ त्या नावाचा झाला. मूळ ही इतिहासाची गोष्ट आहे, ती इतिहासकाराने बिनचूक सांगावी. अर्थ ही ते नाव घेऊन जगणाऱ्यांची गोष्ट आहे.

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, ते आपल्यापैकी बहुतेकांना सांगावं लागणार नाही. “मराठी छान बोलता हो तुम्ही!” आणि त्यापाठोपाठ, “मूळचे कुठले?” आजोबा-पणजोबांच्या कबरी याच तालुक्यात आहेत असं सांगितलं तरी समोरच्याचं समाधान होत नाही. त्याला त्याच्याही मागचं मूळ हवं असतं. शब्दांचंही तेच. मराठीतले फारसी-अरबी शब्द वेचून बाहेर काढण्याची हौस काही लोकांना अजून आहे. पण ही हौस लिहून काढायची तर कागद लागेल, शाई लागेल, पूर्वी दौत आणि कलम लागायची, आणि शेवटी सही. हे पाचही शब्द फारसी-अरबीतून आलेले, त्यातलं कलम तर अरबीतही ग्रीकमधून आलेलं. आणि कागद ही वस्तू मुळात चीनची. ती कला मुसलमान मुलखांतून फिरत फिरत दख्खनमध्ये पोहोचली आणि दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं एक गावच तिच्यावर जगलं. मूळच शोधायचं तर मराठीतला प्रत्येक दस्तऐवज चिनी म्हणावा लागेल! तसं कुणी म्हणत नाही, कारण कागदावर मराठी लिहिली गेली आणि कागद मराठी झाला.

पण या गोष्टीची एक काळी बाजूही आहे आणि ती न सांगता थांबलो तर ते प्रामाणिक होणार नाही. चिनी मुसलमानांनी चिनी अक्षरं आपली केली, म्हणून त्यांना दुसरी लिपी नकोच, असं कुणी ठरवू लागलं तर? त्यांनी अरबी लिपीही सोडलेली नव्हती. मदरशांत ते चिनी बोली अरबी-फारसी अक्षरांत लिहीत, ‘शिआओअरचिंग’ नावाची ती एक वेगळी लेखनपद्धतच होती. दुकानाच्या पाटीवर चिनी अक्षरं आणि शेजारी अरबी ‘हलाल’, असं दोन्ही सुखाने नांदत होतं. २०१९ मध्ये बीजिंगमधल्या हलाल खाणावळींना पाट्यांवरचा अरबी मजकूर आणि इस्लामी चिन्हं काढायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. कुणी पाटी बदलून नुसतं ‘छिंगचन’ ठेवलं, कुणी अरबी अक्षरांवर चिकटपट्टी लावली. निंगशिया, गान्सू भागांत मशिदींचे घुमट आणि मिनार उतरवून चिनी धाटणीची छपरं चढवली गेली. शिनजियांगमध्ये उइगुरांवर जे झालं ते तर याच्या कितीतरी पुढचं.

‘छिंगचन’ हा शब्द चिनी मुसलमानांनी शतकांपूर्वी स्वतः निवडला होता. आज तोच शब्द, तीच अक्षरं, पण शेजारच्या अक्षरांवर चिकटपट्टी लावून जेव्हा ती एकटी उभी केली जातात तेव्हा त्यांचा अर्थ तो राहत नाही. आपण होऊन एखादी लिपी आपली करणं वेगळं आणि ‘तू इथला असशील तर हीच लिपी’ असं बजावलं जाणं वेगळं. पहिल्यात माणूस वाढतो, दुसऱ्यात त्याला छाटला जातो. मराठी ही आमची मायबोली आहे, हे मी कुणाच्याही आधी आणि कुणाहूनही मोठ्याने सांगेन. पण ते सिद्ध करायला उर्दू पाटीवर रंग फासावा लागत असेल, तर तसं सांगणाऱ्याचं प्रेम मराठीवर नाही.

इथे व्यवहारी माणूस विचारेल, हे सगळं ठीक, पण यासाठी अक्षर गिरवत बसायची काय गरज? मोबाइल पाटीसमोर धरला की भाषांतर मिळतं. मिळतं, आणि खाणावळीत जेवायचं असेल तेव्हा तेवढंच पुरेसं आहे. पण भाषांतर हाती आलं की ते अक्षर नजरेसमोरून जातं. त्यातली जनावराची खूण, माणसाची खूण, शेजारी कोण बसलंय, कुणाला उठवलंय, यातलं काही उरत नाही. खुद्द चीनमध्येही हा प्रश्न आहे. मोबाइलवर रोमन अक्षरांत उच्चार टंकला की पडद्यावर अक्षरांची यादी येते, त्यातलं एक निवडायचं. त्यामुळे सुशिक्षित माणूसही कागदावर लिहायला बसला की अक्षर आठवत नाही. ‘लेखणी उचलली आणि अक्षर विसरलं’ या अर्थाचा चार अक्षरी शब्दप्रयोगच तिथे आहे. आपली मुलंही मराठी रोमन लिपीत टंकतात, जोडाक्षर लिहायची वेळ आली की थबकतात. नजरेला ओळख राहते, हाताची जाते.

मी कुणाला चिनी शिका असं सांगत नाही. सर्वसाधारण वापरासाठी चीनमध्ये १९८८ साली जी यादी केली तीतच ३५०० अक्षरं आहेत. ज्याला नोकरीसाठी किंवा अभ्यासासाठी लागेल तो शिकेल. मी सांगतोय ते लहान आहे. ज्या लोकांबद्दल आपली ठाम मतं आहेत, त्यांचं नाव त्यांच्या लिपीत एकदा लिहून पाहा. चिनी नको तर तमीळ घ्या, गुरुमुखी घ्या, उर्दू घ्या. उर्दू येणाऱ्यांनी मोडी घ्यावी. पुस्तक स्वस्त मिळतं, वही घरात असते. रेघांचा क्रम पाळून वीस-पंचवीस वेळा गिरवा. मग ते नाव कुणी दिलं, ते लोक स्वतः त्याचा काय अर्थ लावतात, हे शोधा. वेळ लागेल. पण त्यानंतर त्यांच्याविषयी एखादं चटपटीत वाक्य फेकताना जीभ जरा अडखळेल, आणि माझ्या मते शिकण्याचा एवढा उपयोग पुष्कळ झाला.

आणि ‘मूळचे कुठले’ असं विचारावंसं वाटलंच, तर त्याआधी एक प्रश्न विचारून बघा : “तुमचं नाव तुम्ही कसं लिहिता?” लोक आनंदाने कागद ओढून घेतात आणि लिहून दाखवतात.